वरच्या वाडीची पालखी

"शिमग्याला धरू त्याला," असं म्हणून बाई दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं करायच्या, एक डोळा मिटून ते सुईत ओवायच्या आणि पुन्हा मशीनवर वाकायच्या. समोर बसलेली बाई रडत असली तरी हेच, नवऱ्याच्या नावाने बोटं मोडत असली तरी हेच. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, ह्या त्या बिचारीची थट्टा करताहेत.

थट्टा नव्हती. आमच्याकडचे नवरे मुंबईत असतात. तिथे त्यांना शोधायला जावं तर खोली बदललेली असते, शेजारी ओळख देत नाहीत, आणि गावाकडची बायको दारात उभी राहिलीच तर गाववालेच तिला पहिल्या गाडीत बसवून परत पाठवतात. आपल्या पायांनी ते गावात येतात ते गणपतीला आणि शिमग्याला. गणपतीत घरात देव बसलेला असतो, तेव्हा भांडण काढायचं नाही असा बाईंचा नियम होता. राहिला शिमगा.

तुम्हीही आपल्या गावात अशी एखादी बाई पाहिली असेल. वय पन्नाशीच्या आसपास, नऊवारी सोडून पाचवारीत आलेली पण चाल अजून नऊवारीचीच, हातात कापडी पिशवी, आणि एसटीच्या प्रत्येक कंडक्टरला नावाने ओळखणारी. आमच्या बाई रत्नागिरीत गाडीतळाजवळ शिवणवर्ग चालवायच्या. नवरा बंदरखात्यात होता, तो लवकर गेला. मूल नव्हतं. मी तेव्हा मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायला नुकती लागले होते आणि ब्लाऊज शिवायला म्हणून त्यांच्याकडे गेले. माप घेता घेता म्हणाल्या, "फळ्यावर लिहिताना हात वर जातो ना गो तुझा? काखेत जरा सैल ठेवते." आणि लगेच पुढे, "इंग्रजी येतं म्हणजे अर्जही लिहिता येत असतील." अशी मी त्यांच्या तावडीत सापडले ती सुटले नाही. मला त्या मास्तरीण म्हणायच्या.

आमचं एक मंडळ होतं. मंडळ हा शब्द जरा मोठाच झाला; एक नर्स, एका वकिलांची बायको, आम्ही दोघी शिक्षिका आणि बाई. टाकलेल्या बायकांचं काम करायचं एवढंच ठरलेलं. मंडळाचा शिक्का करायचा ठराव झाला होता, पण शिक्क्यावर काय लिहायचं यावर एकमत झालं नाही, त्यामुळे शेवटपर्यंत आम्ही बिनशिक्क्याच्या राहिलो.

एकदा पावसकडचा एक नवरा वर्गात शिरला. बायकोला घेऊन जायला आला होता, आणि आवाज असा की सगळ्या मशिनी थांबल्या. बाई उठल्या, त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "शर्ट कुणी शिवला हा? खांदा उतरलाय. उभे राहा बघू नीट." तो उभा राहिला. "हात आडवे धरा." त्याने धरले. एका मनगटापासून दुसऱ्या मनगटापर्यंत टेप लावत बाईंनी विचारलं, "मारता काय तिला?"

तो गोंधळला. "कधी कधी," म्हणाला.

"मान वर. कशाने?"

पुढे सगळं बाहेर आलं. हात आडवे धरून उभा असलेला पुरुष खोटं बोलत नाही, हा बाईंचा सिद्धांत. त्याचा शर्ट मात्र त्यांनी खरोखर शिवून दिला, आणि चांगला शिवला.

पण खरं हत्यार पालखीचं. शिमग्यात होम, म्हणजे गावची होळी, झाला की ग्रामदेवतेची पालखी घरोघर जाते. ज्या घरात ती येणार त्या घरचा पुरुष मुंबईत केवढाही झालेला असो, त्या दिवशी अंगणात हजर असतो. नसला तर भावकी वर्षभर तोंडसुख घेते. पालखी टेकली की गावकर, म्हणजे गावचा मुख्य मानकरी, देवीला गाऱ्हाणं घालतो: या घराचं बरं कर, लेकरंबाळं सुखी ठेव. बाईंनी त्या गाऱ्हाण्यात आपलं एक वाक्य घुसवलं होतं. गावकराला भेटून, त्याच्या घरी चहा पिऊन, त्याच्या सुनांचे ब्लाऊज शिवून देऊन त्यांनी त्याला राजी केलं होतं, की मधेच थांबून त्या घरच्या नवऱ्याला विचारायचं, "हिला घरात ठेवतोस ना? देवीसमोर सांग." कोर्टात माणूस काहीही सांगेल. पालखीपुढे नाही म्हणायला त्याची जीभ उचलत नाही, आणि एकदा हो म्हटलं की अख्खं गाव साक्षीला.

त्या वेळी बाई स्वतः अंगणात उभ्या असायच्या. डोक्यावर पदर, हात जोडलेले आणि नजर नवऱ्यावर. लांज्याच्या आतल्या तीन-चार गावांत हे चाललं होतं आणि त्यामुळे बऱ्याच जणी आपापल्या घरात टिकून होत्या. मला ही पद्धत फारशी आवडायची नाही. मी म्हणायचे, "बाई, देवीच्या धाकावर किती दिवस चालायचं हे?" त्या म्हणायच्या, "कायद्याचा धाक येईपर्यंत. तुझा कायदा लांज्यापर्यंत पोचला की कळव मला."

शेवंती त्यांना लांज्यातच भेटली. बाई आठवड्यातून एकदा तिथे वर्ग घ्यायला जायच्या. शेवंती काजूच्या कारखान्यात बिया फोडायची. काजूच्या चिकाने तिची बोटं काळी पडलेली, जागोजागी सोललेली. पांढरं कापड शिवायला घ्यायची वेळ आली की ती हात मागे घ्यायची. नवरा गोदीत. त्याने मुंबईत दुसरं घर केलंय हे सगळ्यांना माहीत होतं, तिलाही. गावाकडे ती अंथरुणाला खिळलेल्या सासूचं करत होती, शेत लावत होती, घर सारवत होती. इतकी वर्षं तेही निभावलं. मग एका गणपतीत तो आला आणि सांगून गेला, की शिमग्याला मी तिला घेऊन येणार आणि देवीची ओटी ती भरणार.

बाहेरच्या माणसाला यात काही वाटणार नाही. पण पालखी दारात आली की देवीची ओटी भरते ती त्या घरची सून. जिने भरली ती घरची, असं गाव धरून चालतं. कागदावर याला काडीची किंमत नाही, पण शेवंतीकडे कागद नव्हताच. घर मेलेल्या सासऱ्याच्या नावावर. तिच्या हातात होती ती एवढी ओटीच.

"मला तो नको बाई," शेवंती म्हणाली. "त्याचा पैसापन नको. मला घर पायजे. सासू हाय, गाय हाय. मी जाऊ कुठं?"

"शिमग्याला धरू त्याला," बाई म्हणाल्या.

त्याच थंडीत मुंबईहून नलिनीताई आल्या. त्या एका महिला संस्थेत काम करायच्या आणि आदल्या शिमग्याला त्यांनी बाईंना पालखीपुढे उभं राहिलेलं पाहिलं होतं. ते दिवस असे होते की बायकांच्या हक्कांसाठी देशोदेशी बैठका चालल्या होत्या. पुढे जगभरच्या बायकांची मोठी परिषद भरायची होती, आणि तिच्याआधी आशियातल्या स्वयंसेविका बँकॉकला जमून मागण्यांचा मसुदा ठरवणार होत्या. नवऱ्याने टाकलेल्या बाईला राहत्या घरात हक्क मिळालाच पाहिजे, ही मागणी आपण न्यावी आणि ती बाईंनी मांडावी, असं नलिनीताईंचं म्हणणं. "आम्ही बोललो तर त्या मान डोलावतील," त्या म्हणाल्या. "तुम्ही बोललात तर ऐकतील."

आम्हाला आभाळ ठेंगणं झालं. बिनशिक्क्याचं आमचं मंडळ आणि थेट बँकॉक! बाईंनी आधी नाही म्हटलं, मग विचार करते म्हटलं, आणि तिसऱ्या दिवशी माझ्या घरी इंग्रजी शिकायला हजर झाल्या. पासपोर्टच्या चौकशीला हवालदार आला तेव्हा त्याचंही माप घेतलं. परदेश म्हणजे थंडी, या समजुतीने त्यांनी जाड स्वेटर विणायला घेतला. मी नकाशा काढून दाखवला की बाई, तिथे आपल्यापेक्षा जास्त उकडतं. त्या म्हणाल्या, "विणून झालाय. आता नेते." कुळथाचं पीठ, आमसुलं आणि मेतकूट यांची पुरचुंडी वेगळी. "पिठलं टाकायला एक चूल मिळेल ना गो तिथे?" हे त्यांनी नलिनीताईंना गंभीरपणे विचारलं होतं.

मग तारखा कळल्या. बाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून मशीनवर ठेवलं आणि बराच वेळ बोट फिरवत राहिल्या. होम त्याच आठवड्यात होता.

"मग नाही जायचं," त्या म्हणाल्या. 

आम्ही सगळ्यांनी त्यांची समजूत घातली. वकिलांच्या बायकोने तर भाषणच केलं, की एका शेवंतीसाठी थांबायचं, की सगळ्या शेवंतींसाठी जायचं. बाईंना भाषणाचा राग यायचा, पण त्या दिवशी त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. दुसऱ्या दिवशी मला घेऊन त्या शेवंतीच्या गावी गेल्या.

गावात दोन वाड्या, खालची आणि वरची. होमानंतर पालखी आधी खालच्या वाडीत फिरते, चार-पाच दिवस तिथे जातात, मग वरच्या वाडीत चढते. शेवंतीचं घर वरच्या वाडीत. गावकर ओटीवर पान लावत बसला होता. त्याने बाईंचं सगळं ऐकून घेतलं. "खालची वाडी आदी, वरची शेवटी," तो म्हणाला. "ह्यात बदल व्हयाचा नाय. तुमी खुशाल जावा बाईनू. वरच्या वाडीत पालखी येईस्तवर तुमी हितं असाल."

बाईंनी बोटांवर मोजलं. विमान, मुंबईहून रातराणी, सकाळी हातखंबा, तिथून लांजा. एक दिवस हाताशी उरत होता.

शेवंती आम्हाला पाणंदीपर्यंत पोचवायला आली. "जावा तुमी," ती म्हणाली. "पन या." 

बाई परतायच्या दिवशी मी ठरल्याप्रमाणे सकाळी हातखंब्याच्या फाट्यावर उभी राहिले. मुंबईची गाडी आली, बाई बॅग घेऊन उतरल्या, आणि रत्नागिरीकडे न वळता आम्ही सरळ लांज्याच्या गाडीत चढलो. मी त्यांना इतकं खुश कधी पाहिलं नव्हतं. स्वेटर खरोखर उपयोगी पडला होता, कारण सभागृहात यंत्राने गारठा केला होता आणि सगळ्याजणी कुडकुडत होत्या. त्यांनी तो एका श्रीलंकेच्या बाईला दिला. 

"मी मराठीतच बोलले गो," त्या सांगत होत्या. "नलिनीनं इंग्रजी केलं. पालखीचं सांगितलं, शेवंतीचं सांगितलं. एवढ्या देशांच्या बायका, नुसत्या बघत राहिल्या. मग आपल्या मागणीवर हात वर करायला सांगितले. अख्खं सभागृह. एकीनं तर दोन्ही हात वर केले." त्यांनी एसटीत स्वतःचे दोन्ही हात वर करून दाखवले. कंडक्टर हसला.

लांज्याहून पुढे आम्ही चालत गेलो. वरच्या वाडीत शिरलो तेव्हा ढोलाचा आवाज नव्हता. मला वाटलं, पालखी अजून खाली असेल. पण शेवंतीच्या अंगणात गुलाल पडला होता आणि तोही पायांनी तुडवून मातीत गेलेला. कडेला नारळाची सोडणं होती. बाई जागच्या जागी थांबल्या.

दारातून एक बाई बाहेर आली. तरुण, हसतमुख, मुंबईची बोली. "या ना, बसा. पाणी देते," म्हणाली. मला तिचा राग यायला हवा होता, पण येईना. तिने तांब्या-भांडं आणलं, आणि आम्ही कोण हे कळल्यावर गप्प आत गेली.

शेवंती परसात सासूची वाकळ धुऊन वाळत घालत होती. 

"बाई, तुमी आलात?" तिने विचारलं. रागाने नाही, आल्यागेल्याला विचारावं तसं.

"पालखी?"

"आली नि गेली. खालच्या वाडीतला म्हातारा होमाच्या दिवशीच मेला. ती सगळी एक भावकी, अख्खी वाडी सुतकात. तिकडं देवी जाते कुठची? मंग दुसऱ्याच दिवशी हितं चढली."

"गावकरांनी विचारलं नाही?"

"मी त्यांच्या तोंडाकडं बघत रायले. त्यांनी माज्याकडं बघितलान नाय."

"आणि ओटी?"

"तिनं भरलीन," शेवंती म्हणाली आणि वाकळीचं टोक नीट केलं. "खण चांगला हुता."

बाई तिथून तडक गावकराकडे गेल्या. तो बाईंना टाळत नव्हता, उलट वाटच बघत असावा. "देवीला सुतकाच्या वाडीत नेता येत नाय, आनि सानेवर बसवून ठेवता येत नाय," तो म्हणाला. सान म्हणजे पालखी टेकायचा चौथरा. "माजं काय चुकलं सांगा."

"विचारायचं राहिलं ते चुकलं," बाई म्हणाल्या. "त्याला मी कशाला हवी होते?"

गावकराने पानाचा डबा मिटला. मग म्हणाला, "तुमी उभ्या असलात की इचारायला जीभ उचलते. नायतर तो माजा सख्खा पुतन्या हाय."

परतीच्या गाडीत बाई एवढंच बोलल्या. "सगळं धरलं होतं मी. विमान, गाडी, पंचांग. कुणी मरेल हे धरलं नाही." आयुष्यभर घरोघर फिरलेली, कुठल्या गावात कोण आजारी आहे हे आम्हाला सांगणारी बाई, आणि खालच्या वाडीत एक म्हातारा अंथरुणावर आहे हे तिच्या ध्यानात येऊ नये, याचं मला तेव्हाही नवल वाटलं होतं. बँकॉकच्या आनंदात निसटलं ते. दुसरं काय म्हणणार?

त्यानंतर बाईंनी काही केलं नाही असं नाही. वकिलांना विचारलं. वकील म्हणाले, दुसरं लग्न गुन्हा आहे, खटला भरा. शेवंती म्हणाली, "त्याला तुरुंगात घालून मला घर गावंल काय?" वकील म्हणाले, तो वेगळा दावा. शेवंतीने हात जोडले. ती त्याच घरात राहत होती, मागच्या पडवीत. दुसरी घरची झाली होती, गाव तिला धाकटी म्हणायला लागलं होतं, आणि शेवंती सासूचं आणि गाईचं करायला होती. काम सगळं पूर्वीचंच होतं. ती आता घरची नव्हती, एवढंच.

वर्ग चालू होता. बायका यायच्या, रडायच्या. बाई ऐकायच्या, पण शिमग्याचं नाव काढत नसत. सुई ओवायचं काम त्यांनी मुलींवर सोपवलं. म्हणायच्या, डोळे गेले आता.

पाऊस संपल्यावर नलिनीताईंचा निरोप आला, की बँकॉकला भेटलेली एक हॉलंडची कार्यकर्ती भारतात आली आहे आणि तिला शेवंतीला भेटायचंय. बैठकीच्या अहवालात शेवंतीची हकीकत छापली होती. बाईंनी तिथे सांगितलं होतं, या शिमग्याला मी तिच्यासाठी उभी राहणार आहे. इंग्रजीत येता येता ते उभी राहिले आणि तिला घर मिळालं, असं झालं होतं. मुद्दाम कुणी केलं नसावं. चांगल्या गोष्टीला शेवट हवाच असतो लोकांना.

बाई माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "मला एक वाक्य शिकव इंग्रजीत. मी तिथे नव्हते." मी शिकवलं. आय वॉज नॉट देअर. दोन दिवस त्या ते वाक्य घोकत होत्या, कापड कापतानासुद्धा.

पाहुणी उंच होती, केस पिकलेले, चेहरा फार चांगला. तुमच्या-माझ्यासारखीच कुणीतरी, स्वतःच्या खर्चाने एवढ्या लांब आलेली. जीपमध्ये ती बाईंच्या शेजारी बसली. लांजा मागे पडल्यावर बाईंनी धीर करून ते वाक्य म्हटलं, अगदी स्वच्छ. पाहुणीने त्यांचा हात हातात घेतला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, की किती विनयशील आहेत ह्या, श्रेय घ्यायला तयार नाहीत. बाईंनी ते वाक्य आणखी एकदा म्हटलं. पाहुणीने हात थोपटला. मी समजावून सांगायला लागले, तोवर नलिनीताईंनी मला मराठीत बजावलं, "आत्ता नको, घरी गेल्यावर बोलू." आणि जीप गावात शिरली.

धाकटीला कोण येतंय हे कळलं असावं. नवरा मुंबईला होता. तिने शेवंतीला पुढच्या पडवीत घोंगडीवर बसवलं होतं, आणि शेवंतीच्या अंगावर धाकटीचं पातळ होतं. स्वतः ती आत कोकम सरबत करत होती. पाहुणी शेवंतीसमोर जमिनीवर बसली, तिची काळी बोटं हातात घेऊन पाहिली, आणि मला म्हणाली, हिला विचार, आता घर तुझं आहे ना?

मी विचारलं.

शेवंतीने बाईंकडे पाहिलं. बाई खांबाला धरून उभ्या होत्या. त्यांनी मान हलवली नाही, डोळ्याने खुणावलं नाही, काही नाही.

"होय," शेवंती म्हणाली. "बाईनी दिलानी मला घर. ह्ये काय, बसलेय नव्हं मी घरात?"

मी इंग्रजीत सांगितलं. पाहुणीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. धाकटी सरबताचे पेले घेऊन आली, तिने पहिला पेला पाहुणीला दिला आणि दुसरा शेवंतीला. फोटो निघाले.

निघताना बाई शेवंतीला गोठ्याकडे घेऊन गेल्या. मी जवळच होते. "का सांगितलंस असं?" बाईंनी विचारलं.

"एवड्या लांबनं आली ती म्हातारी," शेवंती म्हणाली. "तिला काय रिकामी पाठवायची?"

मला त्या दिवशी सगळ्यांचा राग आला. रडणाऱ्या पाहुणीचा, आत्ता नको म्हणणाऱ्या नलिनीताईंचा, शेवंतीच्या त्या चांगुलपणाचा तर सगळ्यांत जास्त. बाईंना राग आलेला दिसला नाही. रात्री त्यांनी नलिनीताईंना सगळं सांगितलं. नलिनीताई रडल्या, दुरुस्ती पाठवते म्हणाल्या. पाठवलीही असेल. आम्हाला काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात बाई मला म्हणाल्या, "मास्तरीण, मी गेले नसते तरी ती मागणी मांडायला तिथे दुसरी कुणीतरी उभी राहिली असती. एवढ्या हुशार बायका होत्या. शेवंतीच्या अंगणात कुणी उभं राहिलं असतं, सांग." मी म्हटलं, पण तो हक्क कायद्यात आला तर हजारो शेवंतींना मिळेल. बाई म्हणाल्या, "मिळो." त्या मनापासून म्हणाल्या. पण त्यात त्यांचा स्वतःचा काही भाग उरला नव्हता.

थंडीत शेवंतीची सासू गेली. दिवसकार्य उरकल्यावर नवऱ्याने गाय विकली, घराला कुलूप लावलं आणि धाकटीला घेऊन मुंबईला गेला. किल्ली बरोबर नेली. शेवंती लांज्याला एका घराच्या पडवीत राहायला आली आणि काजू फोडत राहिली. तिने कुणाकडे तक्रार केली नाही. बाई दर आठवड्याला लांज्याला जायच्या, पण तिच्यासमोर जायचं टाळायच्या हे मी पाहिलं आहे.

पुढे बाईंनी वर्ग बंद केला, मशिनी मुलींना वाटून टाकल्या आणि दापोलीला भाचीकडे राहायला गेल्या. तिथेच गेल्या. मला कळलं तेव्हा महिना उलटला होता. माणसं म्हणाली, शेवटी शेवटी बोलायच्याच नाहीत फारसं. मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. त्यांनी रत्नागिरी सोडण्याआधीचा शिमगा मी पाहिला होता.

त्या शिमग्याला त्या स्वतःहून मला म्हणाल्या, चल. गाव तेच, वाडी वरचीच, घर दुसरं. तिथली सून अगदी कोवळी, कडेवर तान्हं पोर. नवऱ्याने तिला माहेरी पाठवायचं ठरवलं होतं, कायमची. लांज्याच्या वर्गात ती बाईंच्या पायाशी बसून सगळं सांगून गेली होती. बाईंनी तिला होही म्हटलं नव्हतं आणि नाहीही. तरी त्या निघाल्या, म्हणून मला वाटलं, सावरल्या एकदाच्या.

आम्ही पोचलो तेव्हा पालखी नाचत नाचत अंगणात आली. बाई नेहमीच्या जागी उभ्या राहिल्या, डोक्यावर पदर, हात जोडलेले. मुंबईचा नवा शर्ट घातलेला नवरा पुढे झाला, त्याने बाईंना पाहिलं आणि त्याची मान खाली गेली. सुनेने ओटी भरली. गावकराने गाऱ्हाणं सुरू केलं. या घराचं बरं कर, लेकराबाळांना सुखी ठेव. आणि ठरलेल्या जागी तो थांबला. आदल्या वर्षीचं त्यालाही लागलं असावं, कारण या वेळी तो आपणहून थांबला, आणि बाईंकडे वळला.

"बाईनू," तो म्हणाला, "काय इचारायचं हाय?"

ढोलवाल्यांनी काठ्या वर धरल्या होत्या. सगळं अंगण बाईंकडे बघत होतं. कुंपणापाशी बायकांच्या मागे शेवंती उभी होती. ती देवीच्या पाया पडायला लांज्याहून आली होती. बाईंची नजर नवऱ्यावर नव्हती. त्या शेवंतीकडे पाहत होत्या. एवढंच विचारायचं होतं, हिला घरात ठेवतोस ना. तो हो म्हणाला असता. मी त्याचा चेहरा पाहत होते, तो हो म्हणायच्या तयारीने उभा होता.

"काही नाही," बाई म्हणाल्या. "चालू द्या."

गावकराला ते खरं वाटलं नाही. तो आणखी थोडा थांबला. मग त्याने हात हलवला, ढोल वाजले आणि चौघांनी पालखी खांद्यावर घेतली. नवऱ्याने मान वर केली आणि तो पालखीबरोबर चालू लागला. अंगण रिकामं होत गेलं. ती मुलगी मात्र बाईंकडेच बघत उभी होती. ढोलाने दचकून तिचं पोर रडायला लागलं, तेव्हा तिने तळव्याने त्याचा कान झाकला आणि माहेरी न्यायचं गाठोडं बांधायला ती घरात गेली.